खंबीरबाई आणि लेडीजमधला ड्रायर

खंबीरबाईंना हे नाव कंपनीने दिलं. फुकट दिलं, हे आधीच सांगून टाकतो, कारण कंपनी बायकांना जे काही देते ते बहुतेक याच भावात देते. एका उन्हाळ्यात पंख्यांचा एक अख्खा लॉट बिघडलेला निघाला आणि तक्रारींचे फोन असे सुरू झाले की रिसीव्हर खाली ठेवायची सोय नाही. लोक आई-बहिणीवर उतरले. तक्रार विभागातले दोन पुरुष डोकं दुखतंय म्हणून घरी गेले, तिसरा चहाला गेला तो परत आलाच नाही. या बाई मात्र खुर्चीला खिळून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला ‘हो, बरोबर आहे तुमचं’ म्हणत राहिल्या. त्या दिवशी थोरले साहेब स्वतः खाली उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “याला म्हणतात खंबीर बाई!” टाळ्या पडल्या. डोकं दुखणाऱ्या दोघांना पुढे पगारवाढ मिळाली, कारण त्यांनी फार ताण सोसला होता. बाईंना नाव मिळालं.

पंखा बिघडला की माणूस फक्त पंख्यावर चिडत नाही, जगावरचा सगळा राग घेऊन फोन करतो. तो राग ऐकून घ्यायचं काम बाईंचं.

“पंखा डुगडुगतोय तुमचा!”

“तिन्ही पाती एकाच खोक्यातली आहेत ना? दोन पंख्यांची पाती एकत्र झाली की तोल जातो त्याचा.”

“म्हणजे मी मूर्ख आहे का? तुमच्या वरच्या माणसाला द्या फोन!”

मग बाई फोन वरच्या माणसाला द्यायच्या. तो रिसीव्हरवर हात ठेवून विचारायचा, “ताई, काय सांगू याला?” ताई म्हणायच्या, “पाती बघायला सांगा.” तो भारदस्त आवाजात फोनमध्ये म्हणायचा, “पाती बघा.” आणि तिकडून गिऱ्हाईक खूश, “बघा! पुरुषाशी बोललं की काम कसं पटकन होतं!”

हा वरचा माणूस बाईंनीच घडवलेला. आला तेव्हा त्याला पंख्याचा कंडेन्सर कुठे असतो हेही ठाऊक नव्हतं. बाईंनी हाताला धरून शिकवलं, त्याच्या चुका पोटात घातल्या, आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती त्याला मिळाली. ऑफिसातल्या बायका आपसात त्याला शिष्योत्तम म्हणायच्या. थोरल्या साहेबांनी तेव्हा बाईंना केबिनमध्ये बोलावून मायेने समजावलं होतं, “प्रमुखाला कधी उशिरा थांबावं लागतं, कधी गोडाऊनला पळावं लागतं. तुम्हाला घर आहे.” घर शिष्योत्तमालाही होतं. पण त्याचं घर त्याची बायको बघत होती.

शिष्योत्तम माणूस वाईट नव्हता, हीच तर खरी पंचाईत. वाईट असता तर बाईंनी मनातल्या मनात चार सणसणीत शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. तो उलट चारचौघांत सांगायचा, “ताई आहेत म्हणून मी आहे.” आणि हे अक्षरशः खरं असल्यामुळे त्यावर बोलायची सोयच उरली नव्हती.

तर अशा या खंबीरबाई रोज दुपारी डबा खाऊन झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटमध्ये जायच्या, शेवटच्या दाराची कडी लावायच्या आणि रडायच्या. आता लगेच ‘का बरं?’ म्हणून पुढे सरसावू नका. सुरुवातीला कारण असायचं. खुर्ची गेली तेव्हा त्या रडल्या. सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, “हिला काय, पंख्याखाली बसून फोनवर गप्पा मारायच्या,” त्याच्या दुसऱ्या दिवशी रडल्या. पुढे कारणं इतकी साठली की आज नेमकं कोणतं हे ठरवण्यातच वेळ जायला लागला. मग त्यांनी कारणं सोडून दिली आणि नुसतं रडणं ठेवलं. दहा-बारा मिनिटं. नंतर तोंडावर पाणी, रुमाल, आरशात एकदा हसून बघायचं, जमतंय म्हटल्यावर परत टेबलावर. ज्या दिवशी रडायला जमलं नाही त्या दिवशी संध्याकाळी छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं व्हायचं, हातातल्या वस्तू सुटून पडायच्या, आणि झोप तर विसराच. तेवढ्या दहा-बारा मिनिटांवर ती बाई उभी होती, बाकी सगळं अवसान होतं.

घरी रडायला काय झालं होतं, असं कुणी विचारेल. अहो, घरी जागा कुठे होती! स्वयंपाकघराचं दार फ्रिज आत जाईना म्हणून काढलं, ते परत बसवलंच नाही. बाथरूम हॉलला लागून. तिथे जरा वेळ लागला की सासूबाई दार वाजवणार, “झोपलीस का आत?” राहता राहिली झोपायची खोली, तिथे नवरा. नवरा साधा, सज्जन, कधी आवाज न चढवणारा. पण बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. “मी काय केलं आता? मी कधी तुला काही बोललोय का? नोकरीला नाही म्हणालो का? सांग ना!” मग बाईंना आधी स्वतःचे डोळे पुसून त्याची समजूत काढावी लागायची, चहा करून द्यावा लागायचा, तेव्हा कुठे तो सावरायचा. म्हणजे घरी रडणं हे दुप्पट काम. दिवसभर राबून आल्यावर एवढं काम अंगावर कोण ओढवून घेईल?

एकदा छातीत फारच भरून आलं तेव्हा नवऱ्याने रजा टाकून डॉक्टरकडे नेलं.

“झोप लागते का?” डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

“लागते की,” नवरा म्हणाला. तो स्वतः घोरत असायचा, त्याला कसं कळणार? पण म्हणाला.

“घरी काही ताण?”

“छे छे! एकदम मजेत आहोत,” परत नवराच.

डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली. “या वयात बायकांना होतं असं. मन रमवा. एखादा छंद लावून घ्या.”

बाईंना छंद होताच. फक्त त्याला कडी लागणारं दार लागायचं.

हे दुसऱ्या मजल्यावरचं लेडीज म्हणजे काही राजवाडा नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला, स्टोअररूमच्या पलीकडे, तीन दारांचं. पहिल्या दाराआड ‘बायका आहेतच किती’ म्हणून परत आलेल्या पंख्यांची खोकी रचलेली, मधल्याची कडी लागायची नाही, शेवटचं तेवढं धड. बाहेर बेसिन, आरसा आणि भिंतीवर हात वाळवायचा ड्रायर. ड्रायर कंपनीनेच बनवलेला. बाजारात एकही खपला नाही म्हणून ऑफिसातच बसवून टाकलेला. बटण दाबलं की असा घोंगावायचा की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येऊ नये. हात मात्र फारसे वाळायचे नाहीत.

आणि रडणाऱ्या काही एकट्या खंबीरबाई नव्हत्या. याबद्दल कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नसे, पण तिथे एक रीत आपोआप पडून गेली होती. शेवटच्या दाराची कडी लागलेली असली आणि आतून हुंदका ऐकू आला, की बाहेर आलेली बाई काही न विचारता ड्रायरचं बटण दाबायची. थांबला की परत दाबायची. आतलीचा आवाज व्हरांड्यात जाऊ नये म्हणून. तिला टेबलावर परत जायचं असलं तर दुसरी कुणीतरी येऊन बटणाशी उभी राहायची. आतली बाहेर आली की दोघी आरशात बघत “उकडतंय ना आज” म्हणायच्या आणि आपापल्या वाटेने जायच्या. कोण, का, कशासाठी, काही चौकशी नाही. इतकी सभ्य माणसं त्या अख्ख्या इमारतीत दुसरीकडे शोधून सापडली नसती.

आता तासन्‌तास चालवल्यावर कोणतीही मोटर जळणारच. जळली. दुरुस्त केली, परत जळली. पुढच्या खेपेला धूर निघाला आणि मग मात्र बोभाटा झाला. पंख्यांच्या कंपनीत कंपनीची स्वतःची मोटर जळते म्हणजे काय! कंपनीचे मुख्य इंजिनियर, ज्यांना सगळे मोटरवाले साहेब म्हणायचे, त्यांना तर भर चौकात कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यात जेंट्समध्ये बसवलेला तसाच ड्रायर कोरा करकरीत. त्याचं खरं कारण जेंट्समध्ये हात किती जण धुतात यात दडलेलं होतं, पण त्या वाटेला कुणी गेलं नाही. सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न धरला: बायका आत एवढा वेळ करतात तरी काय?

लगेच समिती नेमली गेली. समितीत सगळे पुरुष, आणि ‘बायकांचा विषय आहे, एक बाई हवीच’ म्हणून खंबीरबाई. त्यांनी चहा सांगायचा आणि टिपणं काढायची, बोलायचं विचारलं तर.

पहिल्यांदा जागेची पाहणी ठरली. ती सुट्टीच्या दिवशी, म्हणजे आत कुणी असण्याची शक्यता नाही. तरीही बाईंना घरून बोलावून घेतलं आणि रिकाम्या इमारतीत लेडीजच्या दाराशी उभं राहून “आत कुणी आहे का?” असं मोठ्याने ओरडायला लावलं. मग सगळे साहेब चोरपावलांनी आत शिरले. खोकी बघितली, नळ सोडून बघितला, मोटरवाल्या साहेबांनी ड्रायरला कान लावला. शिष्योत्तमाची नजर आरशावर गेली आणि त्याचे डोळे लकाकले. “सर, आरसा!” सगळ्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. बायका, आरसा, वेळ. झालं, कोडं सुटलं. दुसऱ्या दिवशी आरसा उतरवला. नवी मोटर घातलेला ड्रायर आपला घोंगावतच राहिला, फक्त बायका हसून बघायला खिडकीच्या काचेपाशी जायला लागल्या.

मोटरवाल्या साहेबांचा सिद्धांत निराळा होता. त्यांच्या मते बायकांच्या हातांना पाणी जास्त धरतं. हसू नका, माणूस मोठ्या कॉलेजातून शिकून आलेला होता. मीटिंग हॉलमध्ये पाण्याची बादली मांडली, भिंतीवर तात्पुरता ड्रायर ठोकला, आणि काही बायका, काही पुरुष ओळीने उभे करून एकेकाचे हात भिजवून वाळवायला लावले. साहेब स्वतः घड्याळ धरून उभे. रिसेप्शनवरच्या मुलीची पाळी आली तेव्हा तिने घाबरून विचारलं, “सर, हसायचंय का?” तिला दिवसभर तेवढंच सांगितलेलं असायचं. हात सगळ्यांचे सारखेच वाळले. पुरुषांच्या हातांचा मळ निघाला एवढाच काय तो फायदा. मोटरवाले साहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

शेवटी थोरल्या साहेबांचा धीर सुटला. “दुसऱ्या मजल्यावरचं लेडीज बंद करून टाका,” ते म्हणाले. “बायकांनी तळमजल्यावरचं वापरावं. तिथे दाराशी वॉचमन असतो, कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, सगळं दिसेल. सोमवारच्या मीटिंगमध्ये कारण सांगता आलं तर ठीक, नाहीतर कुलूप.”

तळमजल्यावरचं म्हणजे गेटला लागून एक खोलीवजा खोपटं. एकच टॉयलेट, भिंत छतापर्यंत पोचतच नाही, आणि वॉचमनचं स्टूल दाराला टेकलेलं. आत शिंक आली तरी बाहेर वॉचमन विचारणार, सर्दी झाली का?

त्याच दुपारी रिसेप्शनवरची मुलगी खिडकीपाशी त्यांना भेटली. ती इतक्या वर्षांत कुणी न बोललेलं बोलून गेली. “ताई, मग आपण जायचं कुठे?” बाई ‘उकडतंय ना आज’ म्हणायला गेल्या आणि ते तोंडातून निघेना.

आणि घोडं इथेच पेंड खात होतं, कारण नेमकी याच वेळी खुर्ची परत रिकामी होणार होती. शिष्योत्तमाला वरची जागा मिळाली होती. तो बाईंच्या टेबलाशी येऊन, आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, यावेळी तुमचंच नाव आहे बरं का. साहेब म्हणाले, बाई कशी, दगडासारखी. फक्त एक करा. आत बसून वेळ कोण घालवतं ते सोमवारी सांगून टाका. तुम्हाला माहीत असणारच.”

बाईंना ती खुर्ची हवी होती. हवी होती म्हणजे हवी होती, उगाच मोठेपणा कशाला सांगा! इतकी वर्षं मागून उत्तरं पुरवून झाली होती, आता ती स्वतःच्या तोंडाने द्यायची होती. पण कारण सांगावं तर काय सांगणार? आत बायका रडतात म्हटलं की झालंच, ‘बायका हळव्या’ याला पुरावा मिळाला, मग पुढची पन्नास वर्षं कुठल्याही बाईला खुर्ची नको. कुणाचं नाव घ्यावं तर ती बिचारी मेली. आणि मूग गिळून बसावं तर सोमवारी कुलूप. रडायची जागा हवी तर खरं बोला, खुर्ची हवी तर खोटं बोला. दोन्ही हव्यात असं म्हणायची सोय नाही, बायकांनी हावरटपणा करू नये.

घरी त्यांनी नवऱ्याकडे नुसता विषय काढून बघितला. तो म्हणाला, “कशाला त्या भानगडीत पडतेस? आणि खुर्ची मिळाली तर यायला उशीर होईल का गं? म्हणजे माझं काही नाही, तू घे ना. आईच्या जेवणाचं काय ते बघ फक्त.” त्याचं खरंच काही नव्हतं. त्याचं कधीच काही नसायचं.

सोमवारी मीटिंग भरली. चहा आला. थोरले साहेब टेबलाच्या टोकाला, त्यांच्या एका हाताला मोटरवाले साहेब जळकी मोटर समोर ठेवून बसलेले, दुसऱ्या हाताला शिष्योत्तम.

“तर बाई, बोला. काय कारण?” थोरले साहेब म्हणाले.

खंबीरबाई उभ्या राहिल्या. आवाज फोनवर असतो तसाच निघाला, तो आता त्यांच्या हातात राहिला नव्हता.

“साहेब, मोटरीत दोष नाही. आत बायका रडतात. आवाज बाहेर येऊ नये म्हणून बाकीच्या ड्रायर चालू ठेवतात. त्यामुळे मोटर जळते.”

मोटरवाल्या साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज पसरलं. मोटरीत दोष नाही, त्यांना एवढंच ऐकू आलं होतं.

“रडतात?” थोरले साहेब म्हणाले. “कोण रडतं?”

“मी रडते.”

“नाही, म्हणजे खरं कोण?”

“मीच, साहेब. रोज दुपारी. खुर्ची गेली तेव्हापासून, त्याच्याही आधीपासून. घरी जागा नाही, म्हणून इथे. नाही रडले तर मला काम होत नाही.”

थोरले साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी तरळलं. ते शिष्योत्तमाकडे वळले. “पाहिलंस? पाहिलंस बाईचं काळीज? कुणातरी पोरीला वाचवायला सगळं स्वतःच्या अंगावर घेतेय!”

“साहेब, मी खरंच...”

“बस्स, बस्स! एक अक्षर बोलू नका. तुम्ही नाव सांगू नका, आम्ही विचारणार नाही. तुम्ही आणि रडणार! आम्ही काय तुम्हाला आज ओळखतो?”

शिष्योत्तम गहिवरून म्हणाला, “ताईंचं हे असंच आहे, सर. माझ्या चुकाही अशाच अंगावर घ्यायच्या.” टेबलाभोवती हसू पसरलं, कौतुकाचं. बाई आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलल्या, तर त्याचीही गणती त्यांच्या चांगुलपणात झाली. करणार काय?

आता साहेबांचं मन एकदा भरून आलं की निर्णय धडाधड होतात. लेडीज बंद करायचं रद्द. आरसा परत लावायचा. आणि बायकांचं मनोबल सांभाळायला एक जबाबदार बाई नेमायची. कोण? दुसरं कोण असणार! कुणी रडवेली दिसली की जेवणाच्या सुट्टीत तिने खंबीरबाईंकडे यायचं आणि बाईंनी तिची समजूत काढायची. पगाराचा प्रश्न नाही, हे पुण्याचं काम. राहिली खुर्ची. “अशी बाई खुर्चीत अडकवून कसं चालेल?” थोरले साहेब म्हणाले. “चारचौघींत हव्यात त्या!” खुर्ची एका नव्या, तरतरीत मुलाला द्यायचं ठरलं. त्याला तयार करायचं काम ताईंकडे.

मोटरवाले साहेब इतके खूश होते की त्यांनी स्वतःहून बायकांसाठी नवा ड्रायर बनवायला घेतला. झपाटल्यासारखं काम केलं, आणि जुना घोंगावणारा उतरवून हा भिंतीवर बसवला. फीत कापायला थोरले साहेब आले, सगळ्या बायका व्हरांड्यात उभ्या केल्या. साहेबांनी बटण दाबलं. गरम वाऱ्याचा झोत आला आणि आवाज मात्र काहीच नाही. अगदी काहीच नाही. मोटरवाले साहेब अभिमानाने म्हणाले, “टाचणी पडली तरी ऐकू येईल!” टाळ्या पडल्या. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्यांनीही वाजवल्या.

पुढे रोज डब्यानंतर बाईंच्या टेबलाशी कुणी ना कुणी यायचं. आता रडणं अधिकृत झालं होतं. एक सांगायची दिराचं, एक सांगायची साहेबांच्या हाताचं, एक नुसतीच बसून राहायची. बाई ऐकायच्या. नकळत तोंडातून निघायचं, ‘हो, बरोबर आहे तुमचं,’ आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. रिसेप्शनवरची मुलगी मात्र सांगायला कधी आली नाही, ती फक्त त्यांच्या तोंडाकडे बघून जायची. या सगळ्यात सुट्टी संपून जायची आणि बाईंना वर जायला वेळच मिळत नसे. रिसीव्हर दोनदा सुटून पडला. घरी एकदा भाजी करपली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “लक्ष कुठे असतं हिचं?” नवरा म्हणाला, “अगं, तुला ते मनोबलाचं काम दिलंय ना, छान! मन रमेल.”

मग तो नवा मुलगा खुर्चीत बसला. पहिल्याच दिवशी फोन आला, त्याने रिसीव्हरवर हात ठेवला आणि गोड हसून विचारलं, “ताई, काय सांगू याला?”

“पाती बघायला सांगा,” बाई म्हणाल्या. आणि टेबलाशी दोघी-तिघी वाट बघत होत्या त्यांना तिथेच ठेवून उठल्या, जिना चढल्या, शेवटच्या दाराची कडी लावली आणि तोंडात रुमाल कोंबला. पण इतक्या दिवसांचं साठलेलं, ते रुमालाला थोडंच ऐकतंय?

रिसेप्शनवरची मुलगी त्यांच्यामागे धावत आली होती. तिने ड्रायरचं बटण दाबलं. गरम वारा आला. तिने परत दाबलं. मग बेसिनचा नळ पूर्ण सोडला, तर त्याला धार करंगळीएवढी. हुंदके व्हरांड्यात पोचले, आणि तिकडून शिष्योत्तम चालला होता.

तो दाराबाहेर थबकला. “कोण रडतंय आत?”

मुलगी दारात येऊन उभी राहिली.

“अगं, अशी उभी काय राहिलीस? ताईंना बोलव ना! त्यांचंच काम आहे हे.”

“ताई आतच आहेत, सर.”

शिष्योत्तमाचा जीव भांड्यात पडला. “मग काही काळजी नाही,” तो म्हणाला. “त्या आहेत म्हणजे घेतील सांभाळून.” आणि तो चहाला गेला.

आत खंबीरबाईंनी सगळं ऐकलं. त्यांनी तोंडातला रुमाल काढून ठेवला, आणि मग आवाज आवरायच्या भानगडीत काही पडल्या नाहीत.